चाळीस पुस्तकांची कव्हरं

पुस्तकाला कव्हर नसलं की मला चुकल्याचुकल्यासारखं होतं. सवय जुनी आहे. वडील गिरणीत होते, आम्ही पाच भावंडं, आणि खाकी कागद विकत आणावा हे आमच्या घरात कोणाच्या डोक्यातही यायचं नाही. शाळा सुरू व्हायच्या आधी आई माळ्यावरची वर्तमानपत्रं काढायची, मोठी बहीण खळ शिजवायची आणि आम्ही ओळीने बसून कव्हरं घालायचो. पुढे मी महापालिकेच्या शाळेत शिक्षिका झाले. एकतीस वर्षं मुलांच्या पुस्तकांना कव्हरं आहेत की नाहीत हे पाहिलं, ज्यांची नव्हती त्यांना ओरडले, आणि ओरडून झाल्यावर मधल्या सुट्टीत बसून स्वतः घालून दिली. म्हणूनच पुढे माझ्या हातून जे झालं ते माझ्यासारख्या शाळेतल्या बाईच्याच हातून व्हायचं होतं.

निवृत्तीनंतर मी दर बुधवारी पूर्व उपनगरातल्या एका निरीक्षणगृहात जायला लागले. अठरा वर्षांखालच्या मुलावर गुन्ह्याचा आरोप आला की निर्णय होईपर्यंत त्याला ठेवतात, ती जागा. नाव लिहीत नाही. मुलुंडहून बस पकडायची, एकदा बदलायची, आणि दुपारी दोनला फाटकाशी उभं राहायचं. आत शाळा आहे, म्हणजे एक हॉल आहे, एक फळा आहे आणि एक सर आहेत, जे सकाळी येऊन एकाच वेळी पाचवीला अपूर्णांक आणि दहावीला बीजगणित शिकवतात. दुपारी मी. माझं काम काय हे कागदावर ‘वाचन व सांस्कृतिक उपक्रम’ असं लिहिलेलं होतं.

या उपक्रमांचं तिथे काय होतं ते मी पाहिलं होतं. माझ्या आधी एक तबल्याचे गुरुजी येत. तबला लावायला हातोडी लागते आणि हातोडी आत नेता येत नाही. बिचारे दोन महिने उतरलेल्या तबल्यावर शिकवत राहिले, मग एक दिवस म्हणाले की माझ्याच्याने हे ऐकवत नाही, आणि आले नाहीत. मुलांना भूमितीची पेटी मिळते, पण कर्कटक काढून घेतलेलं. वर्तुळ काढायला जेवणाच्या वाटीचा काठ वापरतात. सगळ्या दहावीच्या वह्यांत एकाच मापाची वर्तुळं. यात कोणाचा दोष आहे असंही नाही. नियम कशासाठी आहेत ते मला कळतं, पण बुधवारी घरी परतताना चिडचिड व्हायची ती व्हायचीच.

पुस्तकं मी सोसायट्यांतून मागून आणली. दान म्हटलं की लोक काय देतात ते एकदा बघण्यासारखं आहे. बदललेल्या अभ्यासक्रमाची गाइडं, मधुमेहींचा आहार, वास्तुशास्त्र, पानं गळलेले दिवाळी अंक. बोरिवलीहून एका बाईंनी आवर्जून रिक्षाने पिशवी पाठवली, त्यात निम्मी पुस्तकं बाळंतिणीच्या काळजीची होती. सोळा वर्षांच्या मुलांना. निवडून, झाडून, चाळीस पुस्तकं ठेवली. गोष्टींची, विज्ञानाची, शोधांची, आणि जाड पुठ्ठ्याचं एक, गच्चीवर भाजीपाला कसा लावावा याचं. ते चित्रं छान होती म्हणून ठेवलं.

आणि मग मी त्यांना कव्हरं घातली. पिना चालत नाहीत, चिकटपट्टी चालत नाही, म्हणून डिंकाने. घरात रद्दीचा गठ्ठा होताच. दोन दुपारी मी आणि माझी मोठी बहीण, जी आता माझ्याकडेच राहते, जमिनीवर बसून घडी घालत होतो. ती कापत होती, मी चिकटवत होते. तिला माझं तिथे जाणंच मान्य नव्हतं. “कित्याक जातंस गो थंय?” ती दर मंगळवारी आमच्या मालवणीत विचारायची. “जातंस ती जा, गळ्यातला काडून जा तरी.” माझ्या गळ्यात एक साधी साखळी असते. मी ती कधी काढली नाही. आपण काढली तर मुलांना कळेल की आपण त्यांना काय समजतो, असा माझा तोरा होता.

फाटकावर त्या दिवशी चाळीसही पुस्तकं तपासली. प्रत्येक पुस्तक उलटं धरून झटकलं, पानांत काही नाही ना पाहिलं, पुठ्ठे वाकवून बघितले. कव्हरावर काय छापलंय ते कोणी वाचलं नाही. आत जे वर्तमानपत्र येतं, त्यातली अशी-तशी, गुन्ह्याबिन्ह्याची बातमी ऑफिसातच कात्रीने कापून मग ते हॉलमध्ये जातं, हे मला चांगलं माहीत होतं. माहीत असून माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. कव्हर म्हणजे कव्हर. त्याला कोणी वाचायची वस्तू समजत नाही.

मुलांना मी पहिल्याच दिवशी दम दिला. पुस्तक न्या, आठ दिवस ठेवा, रजिस्टरमध्ये नाव लिहा. पान फाटलं, कव्हर फाटलं, तर सगळी पुस्तकं परत नेईन आणि बंद. एकतीस वर्षं असेच दम दिलेले, जीभ वळलेली होती.

दोन मुलांबद्दल इथे सांगायला हवं. एक सगळ्यांत दांडगा, सतरा वर्षांचा, हॉलमध्ये त्याचा शब्द चालायचा. त्याला वाचता येत नव्हतं आणि ते लपवण्यासाठी तो सगळ्यांची टर उडवायचा. मी त्याला एकट्याला धरलं, बाराखडीपासून सुरुवात केली आणि सांगितलं, दिसेल ते वाच. तो बिस्किटाच्या पुड्यावरचं वाचायचा, साबणावरचं वाचायचा, व्हरांड्यातल्या सूचना मोठ्याने वाचत फिरायचा. दुसरा सोळा वर्षांचा, बाहेरून दहावीला बसणार होता. बीजगणितात हुशार, बोलायला कंजूष. पुस्तक परत देताना टेबलावर ठेवायचा आणि दोन पावलं मागे सरकायचा. माझ्या हातात कधी दिलं नाही. मला वाटायचं, मुलगा शिष्ट आहे.

कोणी काय केलंय हे मी विचारत नसे. लोकांना यात मोठेपणा दिसतो, पण ती भीती होती. माहीत झालं तर मला त्याला शिकवता येणार नाही, अशी भीती. मुलं मात्र एकमेकांकडून सगळं काढून घेत. मारामारी, मोबाइल, बाइक, यांची त्यांच्यात एक उतरंड होती. म्हाताऱ्या माणसाला, लहान पोराला हात लावणं, अशा काही गोष्टी त्या उतरंडीतच बसत नसत. मागे एका मुलाचं तसलं काही बाहेर आलं, तर आधी त्याचं ताट वेगळं झालं, मग त्याच्या शेजारी कोणी झोपेना, आणि पंधरा दिवसांत त्याच्या भुवईला टाके पडले. त्याला दुसरीकडे हलवलं. त्या शिष्ट मुलाने सगळ्यांना सांगितलं होतं, मारामारीची केस आहे.

कव्हरं घालून तीन आठवडे झाले. एका रविवारी दुपारी बहीण फडताळातले कागद बदलत होती. कव्हरं कापून उरलेल्या पट्ट्या तिने जपून ठेवल्या होत्या. ती काहीही टाकत नाही, आणि कागद घालण्याआधी वाचते. वाचता वाचता ती थांबली.

“बातमी अर्धीच हा गो,” ती म्हणाली. “त्या म्हातारेचा फुडे काय झाला?”

मी जाऊन पाहिलं. वीतभर रुंद पट्टी होती. घाटकोपरच्या एका गल्लीत सकाळी फुलं आणायला निघालेल्या सहासष्ट वर्षांच्या बाईंची साखळी खेचली, त्या पडल्या, डोक्याला मार लागला. खेचणारे दोघं स्कूटरवर होते, त्यातला मागे बसलेला अल्पवयीन. इथे पट्टी संपली होती. मथळासुद्धा अर्धाच.

मला पहिल्यांदा काही वाटलं नाही. मग हातातली पट्टी कुठल्या कागदाची हे ध्यानात आलं आणि मी खालीच बसले. उरलेली बातमी एका पुस्तकावर होती. ते पुस्तक त्या हॉलमध्ये होतं. आणि घाटकोपरसारख्या उपनगरात पकडलेली मुलं त्याच हॉलमध्ये येतात.

“काय झाला तुका?” बहिणीने विचारलं.

मी तिला सांगितलं. ती मला बोल लावेल असं वाटलं होतं, पण ती उरलेल्या पट्ट्या एकेक उलटून बघायला लागली, आणखी कुठे काही आहे का ते. नव्हतं. एवढंच पुरेसं होतं.

सोमवारी सकाळी मी वाचनालयात गेले आणि महिन्याभरापूर्वीचे अंक मागितले. तिथल्या गृहस्थांनी विचारलं, जाहिरात शोधताय का. मी हो म्हटलं. बातमी सापडली. त्या बाई चार दिवस रुग्णालयात होत्या आणि मग गेल्या. स्कूटर चालवणारा मोठा होता, तो पळाला. मागचा सोळा वर्षांचा, दहावीत शिकणारा, त्याला लोकांनी तिथेच पकडलं. बाईंचं नाव होतं. फोटो होता, लग्नकार्यातला असावा, साखळी दिसत होती. त्या माझ्याहून दोनच वर्षांनी मोठ्या. मी वाचत असताना माझा हात गळ्याशी गेला होता हे मला अंक मिटल्यावर कळलं.

दहावीची मुलं माझ्याकडे तीनच होती.

अधीक्षक मॅडमना फोन करावा असं मनात दहादा आलं. त्या चांगल्या बाई आहेत, पण नियमाच्या पक्क्या. कळलं की चाळीसही पुस्तकं बाहेर, उपक्रम बंद, आणि चौकशी होणार ती त्याच हॉलमध्ये, सगळ्यांसमोर. म्हणजे ज्याचं झाकायचं त्याचंच उघडं. हे कारण खरं होतं. दुसरंही खरं होतं, की मला माझी लाज वाटत होती आणि फोन उचलायची हिंमत नव्हती. सोमवार, मंगळवार मी घरात नुसती येरझारा घालत होते. डोळ्यांपुढे यायचं ते एकच. कोणीतरी सहज पुस्तक हातात घेतो, सहज मोठ्याने वाचतो, आणि तिघांपैकी एकाचा चेहरा बदलतो. आणि इतक्या दिवसांत ते आधीच झालं असलं तर? मागच्या बुधवारी कोणाच्या भुवईला काही होतं का, हे मी आठवून आठवून पाहत होते.

बुधवारी निघताना मी साखळी काढून कपाटात ठेवली. दोन वर्षांत पहिल्यांदा. बहीण बघत होती. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

खाकी कागद घरूनच कापून नेले होते. आत गेल्यावर मी सगळ्यांना म्हटलं, वर्तमानपत्राची कव्हरं लवकर मळतात, आज सगळ्यांवर खाकी चढवायची, सगळी पुस्तकं टेबलावर आणा. मुलांनी आणली. मी एकेक उचलून पुढूनमागून पाहत होते. क्रिकेट, हवामान, साडीचा सेल, पाणीकपात. गठ्ठा संपला. एकोणचाळीस झाली आणि ती बातमी नव्हती.

मी रजिस्टर उघडलं. राहिलेलं पुस्तक गच्चीवरच्या भाजीचं. पहिल्या आठवड्यात दहावीच्या त्या शिष्ट मुलाचं नाव. दुसऱ्या आठवड्यात त्याचंच. तिसऱ्याही. आणि मला आठवलं, दुसऱ्या वेळी ते पुस्तक परत नावावर लिहिताना मी सगळ्यांसमोर त्याची चेष्टा केली होती. “काय रे, शेतकरी होणार का? इथे गच्ची कुठली तुला?” मुलं खो खो हसली होती. त्याने सही केली होती आणि दोन पावलं मागे सरकला होता. म्हाताऱ्या बाईपासून तो लांब उभा राहायचा, आणि मी त्याला शिष्ट ठरवून मोकळी झाले होते.

तो आपल्या जागेवर बसून होता. उठला नाही.

“बाई, शेतकऱ्याचं राहिलं ना,” दांडगा मुलगा म्हणाला. “थांबा, मी आणतो. गादीखाली ठेवतो तो.” मी नको म्हणेपर्यंत तो गेलासुद्धा. दहावीच्या मुलाने माझ्याकडे पाहिलं. एवढ्या दिवसांत त्याने माझ्याकडे सरळ पाहिलेलं ते पहिल्यांदा.

दांडगा पुस्तक घेऊन आला आणि दारातच थांबला. दिसेल ते वाचायचं, हा नाद मीच लावलेला. कव्हरावर बोट ठेवून त्याने सुरुवात केली. “घा... ट... को... पर.” मान वर करून माझ्याकडे पाहिलं, शाबासकीसाठी. मग पुढे. “वृ... हे काय लिवलंय बाई, वृ...”

“दे इकडे,” मी म्हटलं.

“वाचतोय ना.”

“दे म्हटलं ना. पुरे झालं.”

आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. त्याने पुस्तक माझ्यासमोर आपटलं. “तुम्हीच बोलता वाच, आणि तुम्हीच...” त्याचा चेहरा उतरला. ज्या मुलाने तोंडातून एक अक्षर काढावं म्हणून मी महिनाभर मनधरणी केली होती, त्याचं वाचन मी स्वतः तोडलं. त्याला कारणही सांगता येत नव्हतं. पुढचे तीन बुधवार तो माझ्याकडे वाचायला बसला नाही.

पुस्तक मी खाली तोंड करून ठेवलं आणि बाकीच्यांना कव्हरं चढवायला घेतली. चहाची घंटा झाली. मुलं रांगेत गेली, पहाऱ्यावरचे काका दारात उभे राहिले. तो मुलगा तसाच बसून राहिला. मग उठून टेबलाशी आला आणि खाकी कागद धरायला हात पुढे केला.

मी वर्तमानपत्र सोडवत होते. डिंक घट्ट बसला होता, कागद तुकड्यातुकड्यांनी निघत होता.

“बाई, तुम्ही वाचलंय ना?” त्याने हळू विचारलं.

नाही म्हणायला सोपं होतं. “कशावरून म्हणतोस?”

त्याने माझ्या गळ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर खाली घेतली. माझे कान गरम झाले.

“वाचलं,” मी म्हटलं. “चूक माझी आहे. मी न बघता हा कागद घातला. मुलांना कळलं असतं तर काय झालं असतं, या विचाराने मला तीन दिवस झोप नाही.”

“पोरांना नाय कळलं. मी कुणाला दिलंच नाही ना.”

“फाडून का नाही टाकलंस?”

“तुम्ही बोलला होता, कव्हर फाटलं तर पुस्तकं बंद.” त्याने खाकी कागद सरळ केला. “आणि मला सारखं सारखं बघायला लागायचं. खरं आहे का ते.”

“काय खरं आहे का?”

“त्या गेल्या ते.”

मला अजूनही कळलं नाही.

“आई बोलली होती, त्या बऱ्या झाल्या, घरी गेल्या. वकील बोलले, कलम वाढलंय. कशामुळे वाढलं ते कोणी सांगितलं नाय, मीपण विचारलं नाय. मला वाटायचं, त्या घरी असतील.” त्याने खाकी कागदाची घडी बोटाने दाबली, परत दाबली. “इथे वाचलं.”

मी हातातले तुकडे खाली ठेवले. तीन दिवस मी घाबरत होते ते इतरांनी वाचलं तर म्हणून. ज्याने वाचलं होतं त्याच्याबद्दल माझ्या मनातही आलं नव्हतं. एक बाई मेली हे या मुलाला माझ्या कव्हराने सांगितलं होतं, आणि ते कळल्यावर तीन आठवडे तो एकटा, कोणाला दिसू न देता, ते गादीखाली घेऊन झोपला होता. त्यात मी त्याला हसले होते. मला त्याचा राग यायला हवा होता का? त्या बाईंचा फोटो मी पाहिला होता, आणि तो डोळ्यांसमोरून जात नव्हता. पण त्या क्षणी मला रडू आलं ते कोणासाठी हे मला सांगता यायचं नाही.

काकांनी दारातून हाक मारली, चहा संपतोय.

“जा,” मी म्हटलं.

तो निघाला आणि परत वळला. “बाई, आई येणारे पुढच्या बुधवारी. परीक्षेच्या फॉर्मवर सही करायला. तुम्ही असाल ना तेव्हा?”

“असेन.”

“तिला सांगू नका, मला कळलंय ते. तिला वाटतं, मला माहीत नाय.”

मी नाही सांगणार म्हटलं. तो जाऊन चहाच्या रांगेत शेवटी उभा राहिला.